शांघायमधल्या फजितीला वेळ द्या

शांघायच्या सहलीची यादी आमच्या धंद्यात जवळपास ठरलेली आहे. बंड नावाचा नदीकाठ, नानजिंग रोड, युयुआन बाग, जेड बुद्धाचं मंदिर, 632 मीटर उंचीच्या शांघाय टॉवरचा 118वा मजला, रात्री हुआंगपू नदीतली बोट आणि विमानतळावर जाता-येता मॅग्लेव गाडी. ग्रुप घेऊन जाणारे आम्ही सगळे हीच यादी पुढेमागे करत असतो. पण सहल संपल्यावर लोक ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, त्या या यादीत नसतात. जेवणाच्या टेबलावर आलेलं वाफाळतं पाणी, भाव सांगताना बोटांचं पिस्तूल करणारी दुकानदारीण, साडीतल्या आजींबरोबर फोटो काढायला थांबलेली चिनी कुटुंबं, बागेत छत्र्यांवर चिकटवलेली लग्नाची स्थळं, हे सगळं घरापर्यंत पोहोचतं. टॉवरबद्दल मात्र ‘खूप उंच आहे’ यापलीकडे फारसं कोणी बोलत नाही. आमच्याकडे अशा प्रसंगांना ‘अडचण’ म्हणतात, आणि अडचण येऊच न देणारा तो उत्तम टूर मॅनेजर, अशी समजूत आहे. हे काम करता करता माझं जे मत बनलं आहे ते याच्या उलट आहे. परक्या महानगरात माणसाला हसू फुटतं ती जागा फार मोलाची असते, कारण तिथे त्या शहराची सोय आणि आपली सवय एकमेकींवर आदळलेली असते. ती जागा टाळू नये. हसू ओसरलं की त्यामागचं कारण सांगावं, आणि त्यासाठी कार्यक्रमात वेळ राखून ठेवावा.

हे शांघायबद्दल विशेष करून म्हणायचं कारण त्या शहराच्या आकारात आहे. पर्यटकांवर पोट असलेली शहरं पाहुण्याच्या सवयी पाठ करतात. दुबईत किंवा पट्टायात भारतीय ग्रुपला चहा किती गोड लागतो हे हॉटेलवाल्याला ठाऊक असतं. शांघायची लोकसंख्या 2020च्या जनगणनेत जवळपास 2 कोटी 49 लाख भरली. 1993मध्ये सुरू झालेलं मेट्रोचं जाळं आज 800 किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. सकाळी आठ वाजता पीपल्स स्क्वेअर स्टेशनात जी गर्दी उतरते, ती कामावर निघालेली असते. आपली चाळीस माणसं झेंडीमागून चालत असली काय आणि नसली काय, त्या गर्दीला फरक पडत नाही. स्टेशनात शिरताना प्रत्येकाची पिशवी यंत्रातून जाते, त्यात चिवड्याची पाकिटं आणि लोणच्याच्या बाटल्या असतात, आणि तपासणारी मुलगी पाण्याची बाटली दाखवून एक घोट प्यायची खूण करते. आपल्या माणसांना वाटतं, ही पाणी पाजतेय! पण बाटलीत पेट्रोलसारखं काही नाही ना, एवढंच तिला बघायचं असतं. यात उर्मटपणा नाही. इतकं मोठं शहर आधी स्वतःच्या माणसांसाठी चालतं, आणि म्हणूनच ते आपल्याला जसं आहे तसं दिसू शकतं.

गरम पाण्याचंच बघा. जुलैमध्ये शांघायचा पारा कधीकधी अडतीसच्या पुढे जातो, हवेत मुंबईसारखा दमटपणा असतो. घामाघूम ग्रुप जेवायला बसतो आणि वेटर काचेच्या पेल्यात असं पाणी ओततो की पेला हातात धरवत नाही. मग बर्फासाठी खाणाखुणा सुरू होतात, कोणी पेल्यावर फुंकर घालतं, कोणी दोन पेल्यांत पाणी वरखाली करून निववतं, आणि सगळं टेबल हसायला लागतं. ग्रुपमधल्या आजी-आजोबांना मात्र त्यात गैर काही वाटत नाही. जेवताना कोमट पाणी प्यावं हे त्यांनी आयुष्यभर सांगितलेलं असतं, आणि चिनी वैद्यकही पचनासाठी तेच सांगतं. शिवाय तिथे नळाचं पाणी उकळल्याशिवाय पीत नाहीत. 1952मध्ये सरकारने देशभर आरोग्याची मोहीम काढली, तेव्हापासून उकळलेलं पाणी ही शाळा-कारखान्यांतून अंगवळणी पाडलेली गोष्ट झाली. शांघायमध्ये तर त्याही आधीपासून गल्लोगल्ली मोठ्या चुलींची दुकानं होती. दाटीवाटीच्या घरांत दिवसभर चूल पेटती ठेवायला ना जागा, ना जळण, म्हणून लोक थर्मास घेऊन जायचे आणि थोडक्या पैशांत उकळतं पाणी भरून आणायचे. ती दुकानं गेली, सवय राहिली. स्टेशनांवर, विमानतळावर, आगगाडीच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतोच. शांघायहून बीजिंगला जाणाऱ्या वेगवान गाडीत, साडेचार तासांच्या प्रवासात, त्याच नळापाशी आपली मंडळी तयार उपम्याची आणि पोह्यांची पाकिटं घेऊन उभी असतात, आणि आदल्या दुपारी ज्याची गंमत वाटली होती त्याबद्दल आता कौतुकाने बोलत असतात. हा बदल कोणत्याही माहितीपत्रकाने झाला नसता. आधी बोट भाजलं, मग कारण कळलं, मग सोय पटली, या क्रमानेच ते झालं.

बोटांच्या पिस्तुलाकडेही जरा जवळून पाहू. युयुआन बागेबाहेरच्या बाजारात रेशमी रुमाल, चहाच्या किटल्या, पंखे यांची दुकानं लागून लागून आहेत. भाव विचारला की दुकानदारीण कॅल्क्युलेटर पुढे करते, आणि तो हाताशी नसला की एक हात वर करते. एक ते पाच आपल्यासारखेच. सहाला अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन मिटलेली. आपल्याकडे ही फोनची खूण, म्हणून गिऱ्हाईक फोन काढून बघू लागतं. सातला अंगठा आणि पुढच्या दोन बोटांची टोकं जुळवायची, चिमूटभर मीठ घेतात तशी. आठला अंगठा आणि तर्जनी फाकवलेली, म्हणजे हुबेहूब पिस्तूल. नऊला तर्जनीचा आकडा. दहाला दोन्ही तर्जन्यांची फुली, नाहीतर मूठ. ऐंशी युआन सांगण्यासाठी हसऱ्या चेहऱ्याने रोखलेलं पिस्तूल बघून आपला माणूस दोन पावलं मागे सरकतो, आणि ते पाहून दुकानदारीण त्याच्याहून मोठ्याने हसते. चीनमध्ये गावोगावच्या बोली इतक्या वेगळ्या आहेत की एका प्रांताचं बोलणं दुसऱ्याला समजेलच असं नसतं. अशा बाजारात एका हाताने दहापर्यंत मोजणं फार उपयोगी पडतं, दुसरा हात मालावर राहतो. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरवणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगितलं की ते पाच मिनिटांत सगळे आकडे शिकतात. मग पुढच्या दुकानात तेच काका सहाची खूण करून भाव पाडून मागतात, आणि त्या क्षणापासून बाजारातले ते परके राहत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: ही सगळी गंमत म्हणजे दुसऱ्यांना हसणंच नाही का? काही वेळा असतं, आणि तिथे मी ताबडतोब मध्ये पडावं असं मानतो. चिनी उच्चारांची नक्कल करणं, डोळे बारीक करून फोटो काढणं, हे प्रकार आपल्या लोकांकडून होतात. ते घरूनच शिकून आलेले असतात. आपल्याच ईशान्य भारतातल्या मुलामुलींना पुण्या-मुंबईत जे ऐकावं लागतं, त्याचीच ती पुढची पायरी आहे. अशा हसण्याची बाजू मी घेणार नाही. फरक ओळखायला सोपा आहे. ज्याच्याशी गाठ पडली तो माणूसही हसतोय का, एवढंच बघायचं. रुमालाची दुकानदारीण हसत असते. पीपल्स पार्कमधले आईवडील हसत नसतात.

शनिवार-रविवारी पीपल्स पार्कच्या एका कोपऱ्यात शेकडो छत्र्या उघडून जमिनीवर ठेवलेल्या दिसतात. प्रत्येक छत्रीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही, शांघायची रहिवासी नोंदणी आहे की बाहेरची, आणि समोरच्याकडून काय अपेक्षा. मागे घडीच्या स्टुलावर आई किंवा वडील बसलेले. लग्नाचा मुलगा किंवा मुलगी सहसा तिथे नसते, कित्येकांना आपला कागद लागला आहे याचा पत्ताही नसतो. आपली मंडळी फोन धरून भाषांतर वाचतात आणि हसू आवरत नाही, कारण एकही ओळ अनोळखी नसते. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर हेच रकाने आहेत. पण कोपऱ्यापाशीच थांबून एक गोष्ट सांगायला लागते. एका मुलाचं धोरण चीनने 2015च्या अखेरीस सोडलं, तोवर शहरातल्या दोन पिढ्या एकुलत्या एक वाढल्या होत्या. त्या स्टुलावर बसलेल्या बाईला एकच मूल आहे, तिच्या म्हातारपणाचा सगळा भार त्या एका कागदावर आहे, आणि कोणी आपल्या चेहऱ्याचा फोटो काढलेला तिला अजिबात चालत नाही. एवढं कळल्यावर कॅमेरे खाली जातात. त्यानंतर ग्रुपमधल्या बायका आणि त्या आया यांच्यात खाणाखुणांनी जे बोलणं होतं, मुलगा किती शिकला, पगार किती, तुमच्याकडे हुंडा असतो का, ते ऐकण्यासारखं असतं. हसू चुकीचं नव्हतं. कारण न कळता तिथून निघून जाणं चुकीचं ठरलं असतं.

आणि हे बघणं एकतर्फीही नसतं. बंडवर, नदीपलीकडच्या मनोऱ्यांच्या रांगेसमोर, सर्वांत जास्त गर्दी चिनी पर्यटकांचीच असते. आतल्या प्रांतांतल्या लहान गावांतून आलेल्या माणसांनी साडी, कुंकू, फेटा हे फक्त चित्रपटात पाहिलेलं असतं. ‘दंगल’ने 2017मध्ये चीनमध्ये 100 कोटी युआनपेक्षा जास्त धंदा केला, आमिर खानचं नाव टॅक्सीवाल्यापासून आजीपर्यंत माहीत आहे. त्यामुळे साडीतल्या काकूंना फोटोसाठी विनंती होते, मग कडेवरचं बाळ त्यांच्या मांडीवर येतं, मग मागे दुसरं कुटुंब उभं राहतं, आणि बसची वेळ टळते. जो ग्रुप सकाळी दुसऱ्यांचे फोटो काढत होता, तो संध्याकाळी स्वतः प्रेक्षणीय स्थळ झालेला असतो. कोणालाही परकं समजण्याआधी एकदा स्वतः परकं होऊन बघणं चांगलं, आणि बंडवर ते अतिशय प्रेमाने होतं.

त्याच बंडला जाताना मोठ्या सुट्टीच्या दिवसांत, म्हणजे 1 ऑक्टोबरच्या आठवड्यात, नानजिंग रोडच्या टोकाला एक दृश्य असतं. गणवेशातले जवान खांद्याला खांदा लावून रस्ता ओलांडण्याच्या जागी भिंत करतात, सिग्नल हिरवा झाला की भिंत फाटकासारखी उघडते, लाल झाला की मिटते. पहिल्यांदा पाहणारा हमखास हसतो, व्हिडिओ काढतो. मग सांगावं लागतं की 31 डिसेंबर 2014च्या रात्री याच नदीकाठच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली आणि 36 माणसं गेली, त्यांतली बरीचशी विशीतली मुलंमुली होती. आपल्याकडे मांढरदेवीची जत्रा आणि एल्फिन्स्टनचा पूल आठवणाऱ्या माणसाला पुढे काही सांगायची गरज उरत नाही. जवानांच्या भिंतीचा व्हिडिओ तो घरी दाखवतो तेव्हा 36चा आकडाही सांगतो. मी ज्याला हसू आणि कारण यांची जोडी म्हणतो, ती हीच.

काही सुज्ञ प्रवासी म्हणतात की अशाने इतिहास मागे पडतो, सगळी सहल किश्श्यांची होते. माझा अनुभव वेगळा आहे. बंडवरच्या पीस हॉटेलची हिरव्या टोपराची इमारत 1929ची. ती व्हिक्टर ससूनने बांधली, हे सांगितलं की पुणेकर हसतातच: आमचं ससून इथे कुठे आलं? हाच तो धागा. पुण्याच्या हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे ते डेव्हिड ससून आणि व्हिक्टर ससून एकाच घराण्यातले. बगदादहून निघून मुंबईत स्थिरावलेलं हे व्यापारी घराणं. पुण्याची लाल देऊळ म्हणून ओळखली जाणारी प्रार्थनास्थळाची इमारत, मुंबईतला ससून डॉक आणि शांघायचं हे हॉटेल, सगळं एकाच पैशाच्या प्रवाहावर उभं राहिलं. त्या प्रवाहात कापूस होता आणि माळव्यातून मुंबईमार्गे चीनला गेलेली अफूही होती. ज्या अफूने चीनमध्ये घरंच्या घरं बसली, तिच्या नफ्याचा वाटा आपल्या शहरांच्या दगडी इमारतींत आहे. ही गोष्ट व्याख्यान म्हणून सांगितली तर बसमध्ये अर्धी माणसं झोपतात. नाव ऐकून हसलेला माणूस मात्र शेवटपर्यंत ऐकतो.

सर्वांत जड आक्षेप जेवणाचा आहे. शाकाहार हा कित्येकांसाठी धर्माचा भाग असतो, तिथे फजिती म्हणजे गंमत नसते, ती जखम असते. हे मी पूर्ण मान्य करतो. साध्या चिनी हॉटेलात हिरव्या भाजीत चवीपुरता डुकराचा खिमा पडलेला असू शकतो, टोफूची भाजी मांसाच्या रश्शात शिजलेली असू शकते, आणि तुकडे बाजूला काढून दिले की ताट शाकाहारी झालं असं वाढणाऱ्याला मनापासून वाटतं. इथे काहीही नशिबावर सोडायचं नाही. श्रद्धा, तब्येत आणि पैसा या तीन बाबतींत व्यवस्था आधी पक्की हवी. फजितीला वेळ द्यायचा तो या कुंपणाच्या आत. पण कुंपणातही शहर भेटतंच. नानजिंग रोडवर गोंगदलिन नावाचं, 1922मध्ये सुरू झालेलं शाकाहारी हॉटेल आहे. तिथे टोफू, ग्लूटेन आणि मशरूम यांपासून बदक, मासा, खेकडा असे हुबेहूब पदार्थ करतात. ताटात अख्खा मासा आल्यावर शाकाहारी मंडळींचे चेहरे बघवत नाहीत. लोकल गाइडने दोनदा शपथेवर सांगितलं तरी पहिला घास कोणी घेत नाही. मग कळतं की ही बौद्ध मठांच्या परंपरेतून आलेली पाककला आहे आणि त्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य आहे. कंदमुळं सोडली तर जैन प्रवाशाचे बरेचसे नियम हजारो मैलांवर कोणीतरी शतकानुशतकं पाळतंय, हे समजल्यावर त्यांना झालेला आनंद इंडियन रेस्टॉरंटमधल्या रोजच्या पनीरने कधीच होत नाही.

पैशाचं कुंपणही तितकंच भक्कम लागतं. पीपल्स स्क्वेअरच्या आसपास चांगलं इंग्रजी बोलणारी तरुण जोडी ओळख काढते, पारंपरिक चहा दाखवतो म्हणून आत नेते, आणि पाच इवल्या कपांचं बिल हजारोंच्या घरात येतं. ही जुनी फसवणूक आहे. ती आधीच सांगून ठेवली की बहुतेक टळते. माणूस स्वतः आपल्याकडे आला तर सावध, आपण त्याच्या दुकानात गेलो तर निर्धास्त, एवढी खूणगाठ बहुतेकांना पुरते.

आता फोन आला, भाषांतराची ॲप्स आली, मग गंमत उरली कुठे, असंही विचारतात. फोनने गमतीचं ठिकाण बदललं एवढंच. चीनमधले नकाशे कायद्याने ठरवलेल्या वेगळ्या मोजणीवर चालतात, त्यामुळे परदेशी ॲपवर आपला ठिपका काहीशे मीटर सरकलेला दिसतो; नदीपलीकडे पूडोंगच्या काठावर सरबत पीत उभा असलेला माणूस नकाशात नदीच्या मधोमध असतो. घरी भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणारे लोक तिथे खिशात नोटा असून फळवाल्यासमोर थबकतात, कारण तो अलीपे ॲपचा कोड पुढे करतो. परदेशी कार्ड आता त्या ॲपला जोडता येतं, पण ते घरून निघतानाच केलेलं बरं. भाषांतराचं यंत्र मध्ये असलं की दोन माणसं उलट जास्त वेळ समोरासमोर उभी राहतात, कारण दोघांनाही यंत्राच्या चुकांवर हसायचं असतं.

उरला तो व्यवहाराचा मुद्दा. लोकांनी आरामाचे पैसे भरलेले असतात, ग्रुपमध्ये साठी-सत्तरीची माणसं असतात, मोकळं सोडलं आणि कोणी हरवलं तर? ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. ज्यांना हॉटेलवर आडवं व्हायचं आहे त्यांनी व्हावं. बाकीच्यांना चार-चारच्या गटात सोडावं, प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा चिनी लिपीतला पत्ता द्यावा, परतायची वेळ आणि जागा एकच ठेवावी. संध्याकाळी चौकाचौकांत ध्वनिक्षेपक लावून नाचणाऱ्या चिनी आज्यांमध्ये सर्वांत आधी आपल्याच ज्येष्ठ बायका सामील होतात, तरुण मुलं नुसते व्हिडिओ काढतात. वयाचा बाऊ आम्ही करतो तितका प्रवासी करत नाहीत.

2020पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं 2025च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आहेत, म्हणजे मराठी ग्रुप पुन्हा मोठ्या संख्येने शांघायला जाणार. माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना विनंती आहे की शहरात तीन दिवस असतील तर एक अख्खी दुपार कोरी ठेवा, शक्य असेल तर शनिवार-रविवारची, आणि संध्याकाळी अर्धा तास सगळ्यांना एकत्र बसवून कोणाला काय भेटलं ते विचारा. त्यासाठी एखादं ठिकाण गाळावं लागलं तर खुशाल गाळा. आणि प्रवाशांनो, बुकिंग करताना किती स्थळं दाखवणार हे विचाराल, तेव्हा मोकळा वेळ किती देणार, हेही जरूर विचारा.